गिनीपिगच्या छातीत घरघर लागली तर

गिनीपिगची सर्दी अंगावर काढायची नसते. माणसाचं पडसं आठ दिवसांत आपोआप जातं; गिनीपिगचं आज ओलं दिसलेलं नाक दोन-तीन दिवसांत छातीपर्यंत पोचू शकतं. हा प्राणी श्वास घेतो तो जवळजवळ पूर्णपणे नाकानेच. नाक चोंदलं म्हणून तोंड उघडून भागवणं त्याला जमत नाही. त्यातून जात्याच इतरांचं भक्ष्य असलेला जीव, त्यामुळे दुखणं लपवण्यात पटाईत. आपल्या नजरेस आजार पडतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो.

मराठवाड्यात आता संभाजीनगर-नांदेडच नव्हे, तालुक्याच्या गावांतही मुलांच्या हट्टापायी गिनीपिग येऊ लागलंय. ससे-पोपट विकणाऱ्या दुकानातून जोडी आणायची, पिंजरा गॅलरीत ठेवायचा, आणि पहिल्या थंडीत नाहीतर पहिल्या कूलरच्या दिवसांत त्यातलं एक शिंकायला लागतं. पुढचं सगळं त्या वेळेसाठी आहे. मुद्दा आधीच सांगून टाकते: या दुखण्यात जंतू जेवढे घातक, तेवढ्याच घातक दोन गोष्टी आपल्याच हातून घडतात. एक म्हणजे घरात उरलेलं मुलांचं अँटिबायोटिक. दुसरी म्हणजे "औषध चालू आहे ना, खाईल हळूहळू" म्हणत रिकामं राहू दिलेलं पोट.

पहिलं काम: बघा, ऐका, मोजा

एखादी शिंक म्हणजे आजार नव्हे. चाऱ्याची धूळ नाकात गेली तरी गिनीपिग शिंकतं. डोळ्यांतून कधीकधी दुधासारखा पांढरा थेंब येतो, तो पुढच्या पायांनी तोंडभर चोळून ते तोंड धुतं, तेही नेहमीचंच. घाबरायचं ते याच्या पुढच्या गोष्टींना: नाकाशी ओल किंवा वाळलेली खपली, डोळ्यांच्या कडांना चिकट पापुद्रा, सारख्या शिंका, अंगावरचे केस फुलवून कोपऱ्यात पाठ वाकवून बसणं, फ्रीज उघडला तरी ओरडत न येणं. शेवटचं लक्षण मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. कोथिंबिरीच्या पिशवीची चुळबुळ ऐकून जे दारापर्यंत धावतं, ते जागचं हललं नाही तर काहीतरी बिनसलंय.

पुढचे दोन्ही पाय उचलून आतल्या बाजूने बघा. गिनीपिग नाक त्या पायांनीच पुसतं. तिथले केस ओले, पिवळट, गुंता होऊन चिकटलेले असतील तर नाक गळतंय, मग तुम्हाला समोरून ते कोरडं का दिसेना.

आता ऐका. पंखा, टीव्ही बंद करा, त्याला मांडीवर घ्या आणि बरगड्यांजवळ कान लावा. निरोगी छातीत फारसं काही ऐकू येत नाही. घरघर, टकटक, ओल्या कागदाची कुरकुर असलं काही आलं तर ते नाकातलं आहे की छातीतलं हे ठरवायच्या फंदात पडू नका, ते स्टेथोस्कोपचं काम. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आवाजासकट करून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर भीतीने प्राणी आक्रसतो आणि घरी दिसलेलं तिथे दिसत नाही.

श्वास मोजा: शांत बसलेलं असताना 15 सेकंदांत कूस किती वेळा हलते ते मोजून चारने गुणा. मिनिटाला साधारण 40 ते 100 हा नेहमीचा पल्ला. पल्ला मोठा आहे, म्हणून निरोगी असताना एकदा मोजून वहीत लिहून ठेवलेला आकडा जास्त कामाचा. आकड्यापेक्षाही श्वासाची रीत बघा. लहान बाळाचं पोट उडतं तसं दर श्वासाला पोट आणि कुशी आत ओढल्या जात असतील तर त्याला दम लागलाय.

वजन रोज करा, एकाच वेळी. किराणा तोलायचा स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. वर एक भांडं ठेवून शून्य करायचा आणि त्यात गिनीपिग. प्रौढ गिनीपिग 700 ते 1200 ग्रॅमचं असतं. त्यात 50 ग्रॅम कमी झाले तर लक्ष ठेवा. 100 ग्रॅम गेले तर ती धोक्याची घंटा.

तोंड उघडून श्वास, ओठ-हिरड्या निळसर, मान वर ताणून बसणं, एका कुशीवर कलंडणं यातलं काहीही दिसलं तर उरलेला लेख नंतर वाचा. आधी गाडी काढा.

घरातला औषधाचा डबा बंद ठेवा

आपल्याकडे पशुवैद्याकडे जायच्या आधी शेजारपाजारचा सल्ला येतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा ठरलेला: "कसा श्वास घेऊ लालंय बघा की! लेकराचं औषध दोन थेंब सोडा तोंडात, काय होत नाही." होतं. लेकराचं ते औषध बहुतेकदा अमॉक्सिसिलिन असतं, आणि ते गिनीपिगला मारू शकतं.

कारण पोटात आहे. गिनीपिगचं पचन चालतं ते आतड्याच्या सीकम नावाच्या मोठ्या पिशवीतल्या उपयोगी जिवाणूंवर. गवत तिथे आंबून पचतं. पेनिसिलिनच्या जातीतली औषधं हे उपयोगी जिवाणू मारतात आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या विष तयार करणाऱ्या जिवाणूंना रान मोकळं होतं. मग पातळ जुलाब, अंग गार, आणि काही दिवसांत प्राणी जातो. लोक म्हणतात न्यूमोनियाने गेलं.

पोटातून कधीही द्यायची नाहीत अशी नावं पाठ करा, नाहीतर फ्रीजच्या दारावर चिकटवा: अमॉक्सिसिलिन (क्लॅव्हुलॅनिक आम्ल घातलेलंसुद्धा), अँपिसिलिन, पेनिसिलिन, सेफॅलेक्सिनसारखी सेफॅलोस्पोरिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन. गाई-म्हशींना टोचतात ते पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचं मिश्रणही गिनीपिगला चालत नाही.

बाकी घरगुती उपायांचं थोडक्यात. आल्याचा किंवा तुळशीचा काढा, मध, हळद-दूध, छातीला बाम, नाकात तेलाचे थेंब, यांतलं काहीही नको. दूध त्याला पचत नाही. बामाचा उग्र वास आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला झोंबतो. आणि नाकात टाकलेलं तेल फुप्फुसात उतरलं तर नवीन न्यूमोनिया. दम लागून लेकराचं पोट उडायला लागलं की "पोटात आलंय" म्हणत बिब्ब्याचे चटके देतात, तो विषय तर इथे कोणी काढूच नका. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायचं नाही.

डॉक्टर गाठणं

शहरात कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने आहेत, त्यांतल्या काहींना ससे-गिनीपिगांची सवय असते. निघायच्या आधी फोन करून सरळ विचारा: "डॉक्टरसाहेब, तुम्ही गिनीपिग बघता का?" नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, कोण बघतं तेवढं विचारून घ्या. परभणी आणि उदगीर इथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत; आसपासच्या तालुक्यांत राहणाऱ्यांनी त्यांचाही विचार करावा.

गावातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई, म्हशी, शेळ्यांत असतात. त्यांना गिनीपिग क्वचितच बघायला मिळतं, पण त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही. छाती ऐकायला त्यांना येतंच, आणि गिनीपिगला चालणारी काही औषधं त्यांच्या रोजच्या वापरातली आहेत. एन्रोफ्लॉक्सासिन हे त्यांतलं मुख्य. ट्रायमेथोप्रिम-सल्फा हे दुसरं. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉलही देतात, पण ती जाणत्या हाताने. तुम्ही नम्रपणे एवढंच म्हणायचं, "साहेब, याला पेनिसिलिन चालत नाही असं वाचलंय. एन्रोफ्लॉक्सासिन देता येईल का?" चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

मात्रेबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. एन्रोफ्लॉक्सासिनची मात्रा पुस्तकांत साधारणपणे किलोमागे 5 ते 15 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा अशी दिलेली असते. जनावरांसाठीचं 10 टक्क्यांचं इंजेक्शन म्हणजे मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम. एक किलोच्या गिनीपिगला त्यातला जेमतेम 0.1 मिलिलिटर लागेल, आणि तोही तसाच टोचला तर त्या जागची कातडी-मांस सडू शकतं. म्हणून गिनीपिगला हे औषध शक्यतो तोंडाने, पातळ करून. किती पातळ करायचं ते डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, "थोडंसं द्या" यावर उठून येऊ नका. वाढीच्या वयातल्या पिलाला हे औषध लांबवायचं नसतं, कूर्चेवर परिणाम होतो. पिलू असेल तर वय आवर्जून सांगा.

सोय असेल तिथे छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. श्वासाचा त्रास दरवेळी जंतूंचाच नसतो. वय झालेल्या गिनीपिगचं हृदय मोठं झालेलं असतं, दाताचं मूळ नाकापर्यंत वाढलेलं असतं, आणि मे महिन्यात धापा टाकणारं गिनीपिग तर उष्माघाताचंही असू शकतं.

नेताना: बंद टोपली किंवा भोकं पाडलेलं खोकं, तळाला जुना टॉवेल, वर मूठभर गवत आणि काकडीची फोड. पाण्याची बाटली हिंदकळून सगळं ओलं करते, म्हणून काकडी. एसटीने जात असाल तर सकाळची पहिली गाडी. उन्हाळ्यात दुपारच्या गाडीत या प्राण्याला घेऊन बसणं म्हणजे जाणूनबुजून उष्माघात ओढवून घेणं. टोपली खिडकीच्या वाऱ्यात ठेवू नका, इंजिनाजवळही नको. ताज्या लेंड्या कागदाच्या पुडीत बांधून सोबत न्या. डॉक्टर विचारतात.

खोली आणि हवा

गिनीपिग मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. 18 ते 24 अंशांत ते खुशीत असतं, 27-28 च्या वर त्याला जड जायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर, आणि डिसेंबर-जानेवारीत परभणीची थंडी दहा अंशांच्या खाली. दोन्ही टोकं त्याच्या छातीला वाईट, आणि त्याहून वाईट दिवसा-रात्रीत होणारा बदल.

थंडीत पिंजरा जमिनीवरून उचला. शहाबादी फरशी उन्हाळ्यात वरदान, पण जानेवारीच्या रात्री ती पोटातली ऊब ओढून घेते. खाली लाकडी पाट किंवा जाड पुठ्ठा, वर सुती चादरीच्या घड्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत सोसवेल इतकं गरम पाणी भरून, जुन्या मोज्यात घालून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवा. एकाच बाजूला अशासाठी की जास्त झालं तर त्याला सरकायला जागा हवी.

उन्हाळ्यात कूलरचा प्रश्न येतो. कूलरशिवाय आपलं भागत नाही आणि त्याचा थेट झोत आजारी गिनीपिगला सोसत नाही. पिंजरा कूलरच्या खोलीतच पण झोताच्या बाहेर, कपाटाच्या आडोशाला ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा; नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते. कूलरच्या जाळ्यांना कुबट वास येत असेल तर त्या आधी बदला. बुरशी लागलेल्या जाळीतून येणारी हवा माणसालाही बाधते. वीज गेली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली पिंजऱ्यात ठेवून द्या. गिनीपिगला आंघोळ मात्र घालायची नाही.

भुसा काढून टाका. सॉ-मिलचा बारीक भुसा स्वस्त पडतो म्हणून सगळेच घालतात. तो नाकात जातो आणि लघवी पिऊन अमोनिया सोडतो. आजारपणात खाली फक्त सुती कापड, दिवसातून दोनदा बदललेलं. पिंजऱ्यात नाक घातल्यावर तुम्हाला लघवीचा झणका येत असेल, तर त्याच्या नाकाला तो आठवडाभर येतोय असं समजा.

त्या खोलीत उदबत्ती, धूप, ऊद, डासांची अगरबत्ती, फवारे, फिनेल सगळं बंद. देवघर त्याच खोलीत असेल तर पिंजरा हलवा, देव हलवण्यापेक्षा ते सोपं. मिरचीची फोडणी पडणार असेल तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. गावात सोयाबीनची मळणी चालू असेल किंवा घराशेजारी कडब्याची कुट्टी होत असेल तर त्या दिवसांत गॅलरीचा पिंजरा आत.

औषध तोंडात कसं घालायचं

एक मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या. गिनीपिगला टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने एक मोकळी जागा असते. सिरिंजचं टोक तिथून आडवं आत. थोडंथोडं, 0.2 मिलिलिटरच्या घोटांनी सोडा आणि दर घोटाला जबडा हललेला दिसला की पुढचा. मान वर करून तोंडात ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. दम लागलेल्या प्राण्याला मध्येच सोडून दोन मिनिटं श्वास घेऊ द्या. औषध कडू असेल तर मागोमाग काकडीचा तुकडा.

वेळा पाळा. दिवसातून दोनदा म्हणजे बारा-बारा तासांनी. सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच नव्हे. फरक साधारण दोन-तीन दिवसांत दिसायला हवा. दिसला नाही तर डॉक्टरांना कळवा, औषध बदलावं लागेल. दिसला तरी थांबवू नका. कोर्स बहुधा 10 ते 14 दिवसांचा असतो, छाती जास्त भरलेली असेल तर त्याहून मोठा. चौथ्या दिवशी टुणटुणीत दिसतंय म्हणून बंद केलेलं औषध पंधरा दिवसांत दुखणं परत आणतं, आणि तेव्हा तेच औषध लागू पडेलच असं नाही.

चालणाऱ्या औषधानेही पोट बिघडू शकतं. लेंड्या जरा मऊ झाल्या तर डॉक्टरांना फोन करून विचारा. पाण्यासारखे जुलाब लागले तर पुढची मात्रा थांबवा आणि लगेच दवाखाना.

पोट चालू ठेवणं, म्हणजे अर्धं औषध

गिनीपिगचं आतडं सतत भरत राहण्यासाठी बनलंय. ते दिवसभर, रात्री उठूनही खातं. नाक बंद झालं की वास येत नाही, वास नाही तर खाणं नाही, आणि बारा तास काही पोटात गेलं नाही तर आतडी मंदावतात, गॅस धरतात. एक-दोन दिवस असेच गेले तर यकृतात चरबी साठायला लागते. छाती बरी होत असताना प्राणी इथे हातचा जातो. म्हणून माझा नियम साधा आहे: नेहमीच्या निम्मंही खात नसेल तर वाट बघायची नाही, हाताने भरवायला लागायचं.

शाकाहारी लहान प्राण्यांसाठी क्रिटिकल केअर नावाची पूड मिळते, पाण्यात कालवून द्यायची. आपल्या भागात ती बहुधा ऑनलाइन मागवावी लागते आणि यायला दिवस लागतात. गिनीपिग पाळलं असेल तर एक पाकीट आधीच आणून ठेवावं. नसेल तर त्याच्या रोजच्या गवताच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मिक्सरमध्ये अगदी बारीक करा, आणि चहाच्या गाळणीतून दाबून काढा. गाळणीची पायरी टाळू नका. एक जाड कण सिरिंजच्या तोंडात अडकतो, तुम्ही जोर लावता आणि सगळी पिचकारी एकदम घशात जाते. दाटपणा पातळ पिठल्याइतका. रंगीत बिया, मका, धान्य मिसळलेलं "मिक्स" खाद्य यासाठी वापरायचं नाही.

किती? अजिबात खात नसेल तर वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 60 ते 80 मिलिलिटर. म्हणजे 900 ग्रॅमच्या गिनीपिगला 55 ते 70, पाच-सहा वेळांत वाटून. एका वेळी 10 ते 14. रात्री झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा हे चुकवू नका, नाहीतर रात्रीचे आठ-नऊ तास पोट रिकामं जातं. भरवताना मोठी सिरिंज सोपी वाटते, पण छोटी बरी: एक-दोन मिलिलिटरची, पुन्हा पुन्हा भरावी लागली तरी. थकलेलं गिनीपिग सुरुवातीला घास तोंडात धरून नुसतं बसतं. गालावरून बोट हलकेच फिरवलं की चावायला लागतं. ओठाच्या कडेला लगदा साचला तर ओल्या फडक्याने पुसा, वाळला की तिथली कातडी चिरते. दर खेपेनंतर थोडं पाणीही सिरिंजने.

भरवणं चालू असलं तरी समोर गवत कायम हवं. टिमोथी गवत परवडत असेल तर उत्तमच. नाहीतर ताजी, फवारणी न झालेली हराळी, धुऊन निथळलेली. ही आपल्याकडे बांधावर हवी तेवढी असते आणि गिनीपिग ती आवडीने खातं. वाळलेला चारा देत असाल तर आधी बाहेर नेऊन झटका, धूळ उडून जाऊ द्या. लसूणघास आजारपणात तोंडाला चव म्हणून मूठभर चालेल, तिच्यात कॅल्शियम जास्त म्हणून मोठ्या गिनीपिगला रोज नको. ज्वारीचा कोवळा हिरवा पोंगा अजिबात नको. त्याने जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको, मग या किलोभराच्या जिवाचं काय.

लेंड्या हा तुमचा रोजचा रिपोर्ट. भरपूर, लांबट, सारख्या आकाराच्या असतील तर आतडी चालू आहेत. बारीक, कोरड्या, टोकदार, किंवा संख्येनेच रोडावलेल्या असतील तर खाणं कमी पडतंय. पोट फुगून ढोलासारखं ताठ लागलं आणि ते दात खात बसलं, तर ती वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. भरवणं थांबवून डॉक्टर.

क जीवनसत्त्व

माणसासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ते कमी पडलं की प्रतिकारशक्ती ढासळते आणि छातीचे आजार फावतात. निरोगी प्राण्याला दिवसाला किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम पुरतं. आजारपणात 50 पर्यंत देतात. पेलेटमध्ये घातलेलं असतं खरं, पण ते काही महिन्यांत उडतं, आणि आपल्या उन्हाळ्यात दुकानाच्या पत्र्याखाली तापलेल्या पोत्याचा काय भरवसा.

ढोबळी मिरचीत 100 ग्रॅमला साधारण 80 ते 120 मिलिग्रॅम असतं, लाल-पिवळ्या मिरचीत अजून जास्त. एक चतुर्थांश मिरची आणि मूठभर कोथिंबीर रोज. पेरूत याहून जास्त, पण साखरही असते, म्हणून बोटाच्या पेराएवढी फोड. आवळा किसून चिमूटभर काही गिनीपिग खातात, काही तोंड वाकडं करून निघून जातात. काहीच खात नसेल तर डॉक्टरांना विचारून लहान मुलांचे क जीवनसत्त्वाचे थेंब सिरिंजने. चघळायच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा एक दशांश भाग हिशेबाने पुरतो, पण त्यात साखर आणि रंग असतो, म्हणून ती अडीनडीलाच. पिण्याच्या पाण्यात काहीही मिसळू नका. तासाभरात त्यातला जोर जायला लागतो, शिवाय चव बदलली म्हणून ते पाणीच पीत नाही.

नाक मोकळं करणं

बऱ्याच घरांत मुलांचं नेब्युलायझर पडून असतं. डॉक्टर हो म्हणाले तर ते इथे फार उपयोगी पडतं. औषध नाही, नुसतं सलाईन, तीन मिलिलिटर. गिनीपिगला टोपलीत ठेवा, टोपलीवर टॉवेल टाका, एका बाजूने फट ठेवून त्यातून मास्क आत. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. मशीनचा आवाज आधी लांबून ऐकवा, मग जवळ आणा. मुलांसाठी दिलेली दम्याची औषधं त्यात आपल्या मनाने घालायची नाहीत. यानंतर लगेच भरवायला घेतलं तर नाक मोकळं असल्यामुळे चार घास जास्त जातात. हे भांडं आणि मास्क पुन्हा लेकराला वापरू नका, नवा आणा.

नाकावरची खपली ओढून काढू नका. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरून ठेवला की ती सुटते. डोळे आतून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा.

जोडीदार, ससा आणि घरातली माणसं

दुसरं गिनीपिग असेल तर वेगळ्या पिंजऱ्यात, पण शक्यतो आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. एकटं पडलं की आजारी गिनीपिग खाणं आणखी टाकतं. आधी निरोगी प्राण्याचं करा, मग आजारी प्राण्याचं, मग साबणाने हात. भांडी, कापडं, बाटल्या वेगळ्या. जोडीदाराचंही वजन रोज करा, कारण लागण बहुधा आधीच झालेली असते आणि लक्षणं दिसायला आठवडाभर लागू शकतो.

श्वासाच्या आजारातला एक नेहमीचा जंतू म्हणजे बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका. ससा आणि कुत्रा तो नाकात बाळगून मजेत फिरतात, त्यांना काही होत नाही, आणि गिनीपिगला त्याच जंतूने न्यूमोनिया होतो. दुकानदार "दोघं एकत्र राहतात, बघा किती गोड" म्हणून ससा आणि गिनीपिग एकाच पिंजऱ्यात विकतो, तेव्हा तो तुम्हाला हेच विकत असतो. ससा वेगळ्या खोलीत. दुसरा जंतू स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए, तो माणसांच्या नाका-घशातही असतो. घरात कोणाला खोकला असेल तर त्याने भरवायला बसू नये, आणि दुसरं कोणी नसेल तर तोंडाला मास्क लावावा. नवीन गिनीपिग आणलं की दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून मगच जुन्यात सोडा.

कोर्स संपल्यावर आठवडाभर वजन आणि श्वास मोजणं चालू ठेवा. वजन आजारपणाआधीच्या आकड्यावर आलं, भरवणं थांबवून तीन-चार दिवस झाले आणि लेंड्या भरपूर आहेत, की जोडीदाराबरोबर परत एकत्र करायला हरकत नाही; त्याआधी दोन्ही पिंजरे गरम पाण्याने घासून, उन्हात कडकडीत वाळवून घ्या. घरघर महिन्याभरात परत आली तर जुन्या चिठ्ठीवर औषध आणू नका. त्या वेळी एक्स-रे, दात आणि हृदय बघायला सांगा, आणि जमत असेल तर नाकातल्या स्रावाची कल्चर तपासणी, म्हणजे कोणत्या औषधाला जंतू दाद देतो ते कळेल. वजनाची वही सोबत न्या.